पाखरांवरचा आळ

५ जानेवारी २०२६, सोमवार

पशुवैद्यकीची पदवी घेतली, कॉलेजात पदक मिळवलं, आणि जन्म चाललाय बदकांची घाण उचलण्यात! सकाळभर तळ्याच्या ओल्या काठावर उकिडवी बसून होते. ताजी विष्ठा दिसली की बोळ्यानं टिपायची, बोळा कुपीत सोडायचा, कुपी बर्फात. गुडघे गेले कामातून.

म्हाळसाबाई मेंढरं घेऊन काठानं चालली होती. थांबली. कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"डाक्टरीणबाई, सरकार आता पाखराच्या हागण्याचाबी हिशेब ठिवायलंय का?"

मी म्हटलं, त्यातूनच कळतं मावशी, कुठला आजार घेऊन आलीत ते. "मंग येशीवरच अडवून इचारायचं की!" म्हणाली आणि स्वतःच खो-खो हसत सुटली. मेंढरं बिथरली तरी तिचं हसू थांबेना.

पाखरं यंदा लय आलीत. हळदी-कुंकू बदकं तर इथलीच, पण चपट्या चोचीची बदकं, थापटे आलेत, आणि पट्टकादंब हंसांचा मोठा थवा सांडव्याजवळ उतरलाय. हिमालय ओलांडून येतात आणि आमच्या मानवतच्या तळ्यावर चरतात, याचं मला दर वर्षी नवल वाटतं. सगळी ठणठणीत दिसली. दिसली म्हणून काही होत नाही म्हणा. फ्लूचा विषाणू बदकांच्या पोटात गपगुमान राहतो, पिढ्यान्‌पिढ्या थोडा थोडा बदलतो. किती बदललाय ते बघायचं, म्हणून हा हिवाळ्यातला खटाटोप.

रुद्रेशनं त्याच्या खताच्या दुकानातल्या फ्रीजमधला बर्फ डब्यात भरून दिला, थर्मासात चहा दिला. निघताना त्याचा ठरलेला प्रश्न — "आज कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, सांडव्याकडं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायको तळ्याच्या कुठल्या बाजूला जाणार याची चौकशी करणारा नवरा आहे का दुसऱ्या कुणाला! दवाखान्यातल्या सगळ्याजणींना सांगून झालंय माझं.

६ जानेवारी

तळ्यालगत बन्सीधरची पोल्ट्री आहे, बाभळींच्या पलीकडं. चक्कर टाकली. बन्सीधर स्वतःच फाटकात आडवा!

"मॅडम, आत न्हाई. बायोसिक्युरिटी! तुमीच तर शिकवलंय."

माझाच धडा मला. हसायलाच आलं. मरतूक विचारली तर म्हणाला, "रोजची दोन-चार हायतच की थंडीनं." बाहेरूनच परत आले. शिकवलेलं कुणीतरी पाळतंय, याचा उलट आनंदच झाला.

९ जानेवारी

अप्पांची कंबर धरलीये. परसातल्या बेलाला आळं केलं म्हणाले. या वयात! मलम चोळून दिलं, विटेचा शेक दिला. नखांत माती गच्च बसलेली, ती पण काढून दिली. म्हटलं, अप्पा, मला सांगायचं की. तर म्हणतात, "तू दमून येतीस बाळा."

सासरे आहेत हे माझ्या लक्षातच राहत नाही. लग्न झालं तेव्हा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, धोशा लावला होता — कोंबड्या-बकऱ्यांत हात घालणारी सून आपल्या घरात? अप्पांनी एका वाक्यात मिटवलं. "जीव वाचवायलीय ना पोर? मग तिचा हात आपल्यापेक्षा चोख हाय." तेव्हापासून आई काही बोलल्या नाहीत. मीही घराचं सांभाळते. अंडंसुद्धा ज्या घरात येत नाही, तिथं माझी ये-जा मागच्या दारानं, पोल्ट्रीवरून आले की आधी अंघोळ, मग स्वयंपाकघर. एकदाही चुकवलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. कॅनॉलचं पाणी सुटलं. तळं काठोकाठ. अप्पांनी पहिला तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, मग रुद्रेशच्या. रुद्रेश म्हणाला, "पोटचा मी हाय का ही?" सगळे हसलो.

१९ जानेवारी

थापटे मरायलेत! म्हाळसाबाईचा फोन आला — "बाई, पाखरं माना मुरगाळून पाण्यात गोल फिरायलीत, लवकर या." वाचलेलं होतं, फोटो बघितलेले होते. डोळ्यांदेखत बघणं वेगळं. एक थापटा एकाच जागी भिंगरीसारखा फिरत होता, मान पाठीवर पडलेली. मग थांबला.

निघताना रुद्रेशनं विचारलंच, "कुठल्या बाजूला?" बाभळींकडं, म्हटलं. त्याच्या हातातला बर्फ फरशीवर सांडला.

"तिकडं नको. पाणी चढलंय, चिखल लय हाय. रुतून बसशील. सांडव्याकडूनच जा."

ऐकलं मी. किट चढवून सांडव्याच्या बाजूनंच मेलेली उचलली.

२१ जानेवारी

म्हाळसाबाईच्या कोंबड्यांनीही माना टाकल्या. तळ्याच्या काठालाच तिचं खोपट. बदकांचे आणि तिच्या कोंबड्यांचे नमुने एकत्रच भोपाळच्या प्रयोगशाळेला रवाना.

२४ जानेवारी

आला. दोन्हींत आला. बर्ड फ्लू.

तिच्या कोंबड्यांत सापडला म्हणजे एक किलोमीटरच्या आतली सगळी कोंबडी गेली. हा कायदा मीच लोकांना सांगत फिरते. बन्सीधरच्या शेडवर पथक घेऊन गेले, तर शेड रिकामी! धुतलेली, चुना मारलेला, वर पंखे चालू. "माल गेला की मॅडम, संक्रांतीच्या आधीच. भाव बरा मिळाला." नशीबवान गडी, असं मी स्वतः म्हटलं. स्वतः!

२७ जानेवारी

आज जे केलं ते लिहायला नको वाटतं.

म्हाळसाबाईनं एकेक कोंबडी स्वतःच्या हातानं आणून दिली. आमच्या पांढऱ्या किटांना भिऊन कोंबड्या पळत होत्या, तिच्या हाकेला येत होत्या. शेवटी एक तांबडा कोंबडा छातीशी धरून उभी राहिली.

"ह्यो लक्ष्मीआईला बोललेला हाय. ह्येला तरी सोडा बाई."

मी मान हलवली. नाही. तिनं मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दिला. रडली नाही. मला म्हणाली, "कुणाच्या पापानं म्हनायचं हे?"

दुपारी देवळापुढं ग्रामसभा. सरपंच म्हणाले, मॅडम, तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा, आणला कुणी हा आजार? मी उभी राहिले. म्हटलं, बाहेरून येणाऱ्या पाण्यावरच्या पक्ष्यांतून आला असावा. 'असावा' कुणाच्या कानात शिरतो! दोन मिनिटांत ठराव झाला, फटाके लावून पाखरं हाकलायची. मी खूप सांगितलं. हाकललेलं पाखरू आजार घेऊन पुढच्या तळ्यावर जाईल, असं करू नका. "तुमीच तर म्हनलात त्यांनीच आणला!"

३१ जानेवारी

दिवसभर सुतळी बॉम्ब. हंस उठले, गावावरून घिरट्या घातल्या, परत उतरायला बघत होते, परत बॉम्ब. संध्याकाळी तळं मोकळं. अप्पांनी कानांवर हात ठेवले आणि "शिव शिव" करत आत गेले. रात्री जेवले नाहीत.

७ फेब्रुवारी, शनिवार

राजेश्रीचा फोन! परभणीला कॉलेजात माझी खोलीतली मैत्रीण, आता विषाणूंच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्या नमुन्यांतल्या विषाणूची पूर्ण ओळख पटवायचं काम तिच्याकडंच गेलेलं. आवाज असा होता की मी दवाखान्याच्या मागं जाऊन उभी राहिले.

"त्रिवेणी, तुझ्या बदकांनी नाही गं आणला. त्यांना कुणीतरी दिलाय."

मी म्हटलं, नीट सांग. तिनं सांगितलं. विषाणूच्या अंगावर देठासारखं काही असतं. रानबदकांत राहणाऱ्या विषाणूचा देठ लांब असतो. तोच कोंबड्यांत गेला, एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा काही काळ राहिला, की देठाचा एक तुकडा गळून जातो. कोंबड्यांत मुक्काम केल्याची ती खूण. आमच्या थापट्यांच्या विषाणूत तो तुकडा नाही. गळलेला आहे!

"आणि पाच जानेवारीचे तुझे विष्ठेचे नमुने? सगळे स्वच्छ निघाले. हंस, थापटे, हळदी-कुंकू, सगळे. म्हणजे पाचनंतर तळ्यात काहीतरी पडलंय."

म्हाळसाबाईच्या चार-सहा परसातल्या कोंबड्यांत एवढा बदल होत नाही. त्याला शेकड्यांनी कोंबड्या एका छपराखाली लागतात. अशी शेड तळ्याकाठी एकच आहे.

बन्सीधर! बेइमान! माझाच धडा मला शिकवला! आणि मी भरसभेत उभी राहून मुक्या पाखरांवर आळ घेतला. ग्रामसभेतले ते सगळे चेहरे आठवायला लागले.

८ फेब्रुवारी

आज बाभळींकडं गेले. कुणालाच सांगितलं नाही. रुद्रेश दुकानात होता, त्याला विचारायला सापडलेच नाही.

पाणी उतरलंय. जिथं तळ्याचं कोरडं अंग होतं तिथं कुणीतरी खड्डा केलेला. उथळ. कॅनॉलचं पाणी चढलं तेव्हा वरची माती वाहून गेलेली, बाकीचं कुत्र्यांनी उकरलेलं. पांढरी पिसं, हाडं. पोत्यांच्या चिंध्या. याच पाण्यात बदकं चोची घालत होती. एवढं बघून खरं तर माझं काम झालं होतं. किट घालून नमुने घ्यायला वाकले.

आणि विभूती दिसली.

चुना नव्हे. चुना मी ओळखते, रोजचा आहे. विभूतीचे गोळे, ओल्यानं फुटलेले, तरी गोळेच. त्याच्यावर कुजलेली तीन-तीन पानं. बेल! आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मातीत बसवतात, भस्म आणि बेल घालून. माझ्या आजोबांना तसंच दिलेलं मी लहानपणी पाहिलंय. कोंबड्यांना असं कोण देतं? बन्सीधर तर देत नाही. त्याला बेलाचं पान आणि बाभळीचं पान सारखंच.

या तळ्याच्या आसपास लिंगायताचं घर एकच. तिथं मी राहते.

बर्फ सांडला होता. चिखल लय हाय म्हणाला होता. आज कुठल्या बाजूला! आज कुठल्या बाजूला! किती वर्षं! मी येड्यासारखी सांगत राहिले आणि वर दवाखान्यात मिरवत राहिले. किटमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

९ फेब्रुवारी

विचारलं. दुकानात, गिऱ्हाईक गेल्यावर, शटर अर्धं ओढून.

"शेड कुणाची?"

एकदाच विचारावं लागलं. खाली बसला, खताच्या पोत्यावर. "आपली. बन्सीधर नावाला हाय."

आजार लागल्यावर पहिल्या चार-दोन दिवसांत दोन पोती भरून कोंबड्या मेल्या, तो घाबरला. बाकीच्या पहाटेच्या गाडीत भरून गंगाखेडकडं देऊन टाकल्या. आजारी! मी म्हटलं, आजारी कोंबड्या विकल्यास? बाजारात? माणसं खातात रे त्या, कापणारे हातानं कापतात! तर म्हणतो, "तवा कुठं मालूम व्हतं मला, काय हाय ते." घरात पशुवैद्य झोपते! एक हाक मारायची! "मारली असती तर पहिला रिपोर्ट तू आपल्याच घराचा दिला असता." दिला असता. होय, दिला असता! म्हाळसाबाईचा कोंबडा तरी वाचला असता.

आणि वर विभूती? म्हटलं, मुडदे तळ्यात पुरायचे आणि त्यावर देवाचं भस्म घालायचं? शिव फसतो असं वाटलं का? त्यावर तो माझ्याकडं बघतच राहिला, काही कळलं नसल्यासारखा. मग मान खाली घातली. लाज वाटली असेल, चला, तेवढी तरी.

मी उठले तेव्हा माझा हात धरला. "त्रिवेणी, माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण अप्पा! अप्पांना कळलं की आपल्या घरात हा धंदा व्हता, तर ते अन्न सोडतील. तुला मालूम हाय ते कसे हायत. त्यांच्यासाठी गप बस. माझ्यासाठी नको."

कुठं दुखतं ते माहीत आहे गड्याला. नेमकं तिथंच बोट ठेवलं.

११ फेब्रुवारी

गप आहे. रोज जेवण वाढते. अप्पा विचारतात, "बाळा, बरं न्हाई का?" बरं आहे म्हणते.

१२ फेब्रुवारी

म्हाळसाबाई तळ्यावर भेटली. रिकामं खुराडं धुऊन उन्हात पालथं घातलेलं. "पाखरं गेली, बरं झालं बघा," म्हणाली, "मेल्यांनी माझं घर बसवलं." मी नुसतं हूं केलं. तिनं मला बाभळीच्या शेंगा आणून दिल्या, घरच्या शेळीला म्हणून. आमच्याकडं शेळी नाही हेही सांगवेना. घेऊन आले.

१४ फेब्रुवारी

राजेश्री रोज विचारते, अहवालात उगम काय लिहिणारेस? बाकीचे नमुने बोलतात, पण शेड कुणाची आणि माल कुठं गेला हे तूच सांगू शकतेस. गंगाखेडच्या बाजूला शोध घ्यायला पाहिजे, दिवस जायलेत.

मला कळत नाही का? मला सगळ्यांत जास्त कळतं. रुद्रेशचं मला काहीही वाटत नाही आता, हे लिहिताना धक्का बसतोय, पण खरं आहे. त्याला बेड्या पडल्या तर मी चहा करून पीन. पण अप्पा! आयुष्यात एकाच माणसानं मला या घरात 'बाळा' म्हटलं. देवघरात बसून लिंगपूजा करताना त्यांचा चेहरा मी रोज बघते. त्या चेहऱ्यासमोर उभं राहून सांगायचं की तुमच्या पोरानं तुमच्याच मागं कोंबड्यांच्या जिवावर घर चालवलं? मरतील ते. खरंच मरतील.

दिवसभर विचार केला. उगम — "अनिश्चित". लिहून ठेवलंय. खोटं आहे, आणि मी लिहिलंय. आळ पाखरांवरच राहू दे, ती काही ग्रामसभेला यायची नाहीत. उद्या शिवरात्र. पूजा आटोपली की सही करून पाठवते.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

अप्पांच्या पूजेची तयारी करत होते. विभूतीचा डबा रिकामा. कपिलधारच्या यात्रेतून आणलेले गोळे कुठं गेले, विचारलं.

"पाखरांना घातले," म्हणाले. शांतपणे, बेल निवडत. "रुद्रेश पोती तशीच बाभळीत टाकून आला व्हता. जीवच की ते. उघड्यावर कसे ठिवायचे? मीच पुरले."

कंबर. नखातली माती. मलम मी चोळलं होतं.

तुम्हाला माहीत होतं? एवढंच विचारलं.

"शेडची जागा माझी, कागदावर सही माझी. तुझ्या सासूलाबी मालूम हाय. तुला तेवढं सांगायचं न्हाई, असं आमी ठरवलं व्हतं." आणि मग, अजूनही बेलच निवडत, "तू सरकारी मानूस."

अहवाल नव्यानं लिहिला. शेडमालक : बसवंतराव, माझे सासरे. आजारी माल गंगाखेडकडं दिला : रुद्रेश. उघड्या हातानं मेलेल्या कोंबड्या हाताळल्या : बसवंतराव. आरोग्य पथकानं आजच तपासावं, हेही लिहिलं. पाठवला. मग बॅग भरली, आणि पहिल्यांदाच पुढच्या दारानं निघाले. म्हाळसाबाईच्या खोपटावरून जायचं आहे आधी.